साचा फिरतो तेव्हा

तुळिंज, २० नोव्हेंबर १९७९

नर्मदाताईला हंसाचा नमस्कार.

ताई, पत्राला उशीर झाला. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नको. एक तर मी चौथीपर्यंत शिकलेली, वर इथं पाट पन हलतो आनि हात पन. तू बारशाला आलीस तेव्हा कारखान्याला सुट्टी होती, म्हनून तुला कळलं नाय. आमची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून हाय. पाईपाचा साचा फिरायला लागला की सगळं घर थरथरतं. फळीवरची भांडी सरकत सरकत कडेला येतात. मी मागं ढकलते, ती परत येतात. एक पेला रोज पडतो. आता तर मी तो लगेच उचलत पन नाय. दमले ताई.

आपला बापूस बोलला होता ना, हंसाला समुद्रावरच्याला देनार नाय, कारखान्यातल्याला देईन, तिथं पायाखालची जमीन तरी हलत नाय. त्याला सांग एकदा.

परवा यांचा डबा घेऊन आत गेले तेव्हा साचा जवळून बघितला. लोखंडाचा हाय, होडीच्या डोलकाठीपेक्षा जाड, आडवा ठेवलेला. दोन अर्धी बोल्ट लावून जोडतात. आत सळयांची जाळी असते. तो खालच्या रोलरवर गरगर फिरतो, आनि नुसता फिरत नाय, ताप भरल्यासारखा थरथरतो. हे फावड्यानं आत माल टाकतात, खडी, वाळू, सिमेंट सगळं कालवलेलं. साचा फिरतो तसा माल कडेला जाऊन चिकटतो, मधे भोक राहतं, पानी गळून जातं. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की आत पाईप. दिवसभर हे त्याच्या बाजूला उभे. घरी आल्यावर पन ओरडूनच बोलतात. मीठ मागितलं तर शेजारची रिटा विचारते, काय गं, भांडलात काय?

मालन बरी हाय. सासूचं नाव ठेवलंय, पन गुन सासूचे नाय, किरकिर करत नाय. साचा फिरत असला की गाढ झोपते. थांबला की टक्कन डोळे उघडते. हे बोलतात, बघ कान कसे तिखट, पाईपवाल्याची पोर शोभते.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. दिवाळीत पोरांनी आमच्या दाराशी लवंगी माळ लावली. मी केवढी दचकले. मालन कडेवर होती, माझ्या नाकातल्या चमकीशी खेळत होती. ती खेळतच राहिली. सगळे हसले, शूर हाय बोलले. मी पन हसले. रिटा हसली नाय. दुसऱ्या दिवशी नळावर मला हळूच बोलली, "हंसा, माझा बॅप्टिस्ट या वयाला बा-बा करायचा. तुझी नुसती आ करते." तेव्हापासून मी दिवसभर तिच्या तोंडाकडंच बघत असते.

साच्याच्या आवाजानं उठते म्हनजे ऐकते ना गं? तू तीन पोरं वाढवलीस, तू सांग. यांना विचारायची मला भीती वाटते. आनि ती पोटात होती तेव्हा पन मी इथंच होते, हे सगळे हादरे तिच्यात गेले. दुसरी खोली बघा असं तू यांना लिही. माझं ऐकत नायत.

तुझी हंसा

—

सातपाटी, ९ डिसेंबर १९७९

हंसे,

पोस्टमननं तुझं पत्र वाळत घातलेल्या बोंबलांवर टाकलं, म्हनून माझ्या पत्राला वास आला तर नाक मुरडू नको. तू पन याच वासात वाढलीस.

तुझी भीती मला काय नवी नाय. लहानपनी होडी यायला जरा उशीर झाला की तू आधीच रडायला बसायचीस. मग बापूस टोपली घेऊन यायचा आनि तुला विचारायचा, कोन मेलं गं? आत्ता पन तसंच. अगं, साचा थांबला की पोर उठते. मग ती बहिरी कशी? बहिऱ्याला साचा थांबल्याचं कळेल काय? जरा डोकं चालव. माझा मोठा दोन वर्षं मुका होता. आता त्याचं तोंड बंद करायला मला चिंबोरीची टोपली डोक्यावर घालावी लागते.

तरी मन खात असेल तर एक कर. ती खेळात असली की मागून जा, तिला दिसू नको, आनि थाळी वाजव. वळली की संपलं. मग त्या रिटाला पन चहा पाज, तिनं वाईट मनानं सांगितलं नसेल.

खाली लिहिलंय ते दयारामला वाचून दाखव. दयाराम, माझ्या बहिनीला दुसरी खोली बघा, भांडी सावरून तिचे हात गेले. आनि मीठ जरा हळू मागा. एखाद्या दिवशी पोलीस यायचे.

नर्मदा

—

तुळिंज, १४ जानेवारी १९८०

ताई,

तिळगूळ घे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी थाळी काढून ठेवली. पन वाजवायची हिंमत होईना. रोज हातात घ्यायची आनि परत फळीवर ठेवायची. ती वळली नाय तर पुढं काय, तेच कळत नव्हतं. न वाजवता तरी निदान अजून काय ठरलं नव्हतं.

शेवटी काल वाजवली. दुपारच्या भोंग्यानंतर साचा बंद असतो, तेव्हा सगळं शांत. मालन फरशीवर बसून चमच्याशी खेळत होती. मी मागून गेले. हात इतका कापत होता की थाळी धरता येईना. म्हनून तिच्यामागं फरशीवर उपडी ठेवली, डोळे मिटले आनि बत्ता हानला.

ताई, वळली! लगेच वळली! आधी हाताचा पंजा फरशीवर ठेवला, खाली बघितलं, मग माझ्याकडं बघून हसली. मी परत हानला. परत वळली. किती वेळा वाजवली ठाऊक नाय, थाळीला पोचे पडलेत. रिटा धावत आली, तिला पन करून दाखवलं. ती बोलली, देव पावला, आनि कपाळावर क्रूस काढला. मी जीवदानी देवीला नारळ बोलले.

हे घरी आल्यावर सांगितलं तर बोलले, मी आधीच सांगत होतो. तुझं पत्र पन वाचून दाखवलं. मग हळू बोलायचा फार प्रयत्न केला यांनी. ते काय बोलले ते त्यांनाच ऐकू येईना, मग दोघं हसत बसलो. खोली बघतो बोलले. बघू.

किती दिवसांनी मी झोपले ताई. भांडी पडली तरी उठले नाय.

तुझी हंसा

—

सातपाटी, २ फेब्रुवारी १९८०

हंसे,

बघ! आता पोराबाळांच्या बाबतीत माझं ऐकत जा. मालनसाठी घुंगरांचे वाळे केलेत. बापसाकडं अर्नाळ्याला पाठवलेत, तो आनून देईल. सुकटीची पुडी पन हाय, ती तुझी, दयारामच्या हाती लागू देऊ नको. पोर घरभर छुनछुन करत फिरली की तुला तिला शोधायला नको.

नर्मदा

—

तुळिंज, ११ मे १९८०

ताई,

इतके दिवस लिहिलं नाय. आता लिहिते तर कुठून सुरू करू समजत नाय.

आधी यांचं. हे बरे हायत, घाबरू नको. गेल्या महिन्यात साचा उडाला. एक बोल्ट झिजलेला होता, असं बोलतात. भरलेला साचा जोरात फिरत होता, तो रोलरवरून सुटला आनि आमच्याच बाजूच्या भिंतीवर येऊन आदळला. हे माल उचलायला खाली वाकले होते म्हनून डोक्यावरून गेला. खांदा सोलवटला तेवढाच. भिंतीला भेग पडली. कारखाना तेव्हापासून बंद हाय, नवे रोलर यायचेत.

सगळं शांत झालं. कावळे ओरडतात ते मला लग्नानंतर पहिल्यांदा इथं दिवसभर ऐकू आले. रिटाच्या घरची संध्याकाळची प्रार्थना शब्दन् शब्द कळायला लागली. भांडी जागच्या जागी. मी बोलले, आता तरी झोप मिळेल.

पन मालन झोपेना. रांगत त्या भिंतीपाशी जायची, भिंतीला पंजा लावायची, मग गाल लावायची आनि रडायची. असं रडनं मी कधी ऐकलं नव्हतं. खांद्यावर घेतली, पाजली, दृष्ट काढली. शेवटी आढ्याला झोळी बांधली आनि तिच्यात घातली. जरा गप्प झाली, पायाशी खेळायला लागली. मी भाकऱ्या थापत होते. सहज हाक मारली, मालन. तिनं बघितलं नाय. परत मारली. मग उठले, झोळीच्या मागं उभी राहिले आनि ओरडले. इतकी ओरडले की रिटा हातातलं टाकून धावत आली, तिला वाटलं पोर पडली.

पोर पायाशी खेळत होती.

मी थाळी घेतली. या वेळी हातात धरली, वर. वाजवली. रिटाच्या कडेवरचा बॅप्टिस्ट दचकून रडायला लागला. झोळी हलली पन नाय. मग मी मालनला काढून खाली बसवली, थाळी फरशीवर ठेवली आनि हानली. लगेच वळली. तसाच पंजा ठेवला, तशीच हसली.

ती थाळी ऐकत नव्हती ताई. तिला फरशी कळत होती. साचा थांबला की उठायची ती आवाज बंद झाला म्हनून नाय. पाळना थांबला म्हनून. बापाच्या पावलाला वळायची ते पन तेच. हे पाय आपटत चालतात. आनि तुझे वाळे मला वाटायचं तिला आवडतात. ती फक्त घुंगरं चावते.

यांना सांगायचं होतं. हळू सांगितलं, तर यांना ऐकू गेलं नाय. काय? काय? करत राहिले. शेवटी मला ओरडून सांगावं लागलं, आपली पोर बहिरी हाय. सगळ्या खोल्यांची दारं उघडली. हे त्या भेग पडलेल्या भिंतीला पाठ लावून बसून राहिले. जेवले नायत.

हे हादऱ्यांनी झालं काय गं? माझ्यामुळं झालं काय?

हंसा

—

सातपाटी, २८ मे १९८०

हंसे, माझ्या बाय,

तुझ्यामुळं काय नाय झालं. हे वाक्य परत वाच. रोज वाच.

मला आत्ताच्या आत्ता यायचंय, पन सासूबाय अंथरुनाला खिळल्यात, त्यांना कूस पन मला बदलावी लागते. तू दयारामला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जा. कोन सांगेल अमक्याचा धागा बांध, तमक्याचं तेल घाल. ऐकायचं नाय. कानात तेल तर बिलकूल घालायचं नाय.

आनि ती खोली सोडा. तुला पहिल्यापासून नको होती ती. साचा उद्या परत उडेल. त्या साच्यानं दयारामचे कान खाल्ले, पोरीचे पन त्यानंच खाल्ले असतील, कोन सांगावं. बाहेर पड तिथनं.

नर्मदा

—

तुळिंज, १९ सप्टेंबर १९८०

ताई,

जाऊन आलो. दोन-तीन वेळा जावं लागलं. डॉक्टर बोलले, जन्मापासून हाय, ऐकू येनार नाय. मी विचारलं, हादऱ्यांनी झालं काय? ते कागदावर लिहीत होते, तसेच बोलले, नाय हो बाई, त्यानं नाय होत असं. मान वर करून बोलले असते तर बरं झालं असतं. मी खरं मानायचं ठरवलंय. दुसरं काय करू?

तिथं एक शिक्षिका होती, अशा पोरांना शिकवते. तिनं मालनचा हात घेतला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आनि काय तरी बोलली. मालननं हात झटकन ओढला. मग तिचं तिनंच परत नेऊन ठेवला. बाई हसल्या. बोलल्या, मोठी झाली की आना, आनि तोवर घरी बोलत राहा, गप्प बसू नका. आता मी दिवसभर तिच्याशी बोलते. उलट उत्तर येत नाय, घसा दुखतो, तरी बोलते.

कारखाना परत सुरू झाला. नवे रोलर आले. मालन आता चालते. साचा पहिल्यांदा फिरला तेव्हा ती दारात होती. थांबली. मग आत धावत आली, फरशीवर आडवी झाली, गाल टेकला. असं हसली ताई, जसं कोन परगावाहून परत आलंय. तशीच झोपली. पहिला पेला पडला तेव्हा मी रडले.

आनि आता यांना खोली मिळालीय. बाजाराच्या पलीकडं, नळ दारात, हादरा नाय. मी वर्षभर मागितली तीच. भांडी पोत्यात भरली. भरून त्याच पोत्यावर बसून राहिले. तिथं नेली तर हिला काय उरेल? हे बोलतात, तू सांगशील तसं. कधी नाय ते माझ्यावर सोडलं. मला ठरवता येत नाय. तू सांग.

हंसा

—

सातपाटी, ५ ऑक्टोबर १९८०

हंसे,

जा. विचारतेस म्हनून सांगते. साचा काय तिचा मामा नाय. एकदा भिंतीवर धावून आलाय तो. आनि उद्या कारखाना बंद पडला, तर पोर परत भिंतीला गाल लावून रडेल, तेव्हा तू कुठून आननार हादरा? तिला मानसांची सवय लाव, लोखंडाची नको.

मी असते तर पोतं उचलून चालायला लागले असते. पन मी नाय तिथं. गेल्या आठवड्यात सासूबाय वारल्या. दिवस झाले की येईन.

नर्मदा

—

तुळिंज, ८ फेब्रुवारी १९८१

ताई,

तुझं ऐकलं नाय. पोतं सोडलं, भांडी परत फळीवर लावली. रागावू नको. तू दिवाळीनंतर येऊन गेलीस तेव्हा पन तेच बोललीस, मी गप्प राहिले, कारन तेव्हा मला सांगता येत नव्हतं. आता येतं.

तुझं बोलनं खोटं नाय. साचा परत उडेल ही भीती मला रोज वाटते. यांनी भिंतीच्या त्या बाजूला तडकलेले पाईप रचून घेतलेत, आत माती भरून. फोरमनशी भांडून. तरी भीती वाटते. ती काय जायची नाय.

पन ऐक. पाळी संपायला आली की हे रिकामा साचा धुतात आनि पानी झटकायला थोडा फिरवतात. हे आधीपासून करतात. भरलेला साचा जड चालतो, घर दबून हलतं. रिकामा खडखडतो, भांडी पन वेगळीच वाजतात. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. एका संध्याकाळी बघते तर मालन खेळ टाकून उठली आनि दारात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं हे आले. मी बोलले, सहज झालं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. भोंगा तिला कळत नाय, ऊन कळत नाय, पन रिकामा साचा लागला की बाप येतो हे तिचं तिनं शोधून काढलं. कोनी शिकवलं नाय.

यांना सांगितलं, ओरडूनच. यांना पटेना. मग एके दिवशी दुपारीच हे चोरासारखे आले, दाराबाहेर भिंतीला लागून उभे राहिले. आत सोबत्याला सांगून आले होते, रिकामा साचा फिरव बोलून. मला पन ठाऊक नव्हतं. मालन भात खात होती. एकदम हात थांबला. फरशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, भाताचा हात तसाच घेऊन दारात गेली आनि समोर बाप! हे खाली बसले. तिनं भात सगळा यांच्या तोंडाला फासला. हे पुसत पन नव्हते.

आता हे रोज मुद्दाम करतात. फिरवतात, थांबवतात, परत फिरवतात. फोरमन बोलला, "दयाराम, वीज काय तुझ्या सासऱ्याची हाय?" हे बोलले, "पोरीला हाक मारतोय." फोरमननं कपाळाला हात लावला, बोलला, याचे कान गेले होतेच, आता डोकं पन गेलं.

सगळ्यांचे बाप दारातून हाक मारतात. हिचा कारखान्यातून मारतो. कारखाना बंद पडेल तेव्हा पडेल. तोवर तिनं गळ्यावर हात ठेवून माझं बोलनं शिकायला हवं, त्याला मी लागलेय. परवा माझ्या गळ्यावर हात ठेवून तिनं पन तोंड हलवलं. आवाज आला नाय. पन हलवलं.

दमते मी ताई. भांडी अजून रोज मागं ढकलते. पन आता ढकलताना दाबून लावत नाय, थोडी सैल ठेवते, म्हनजे वाजतात.

हे लिहिते तर मालन बाजूला झोपलीय. नाय, उठली. डोळे चोळत दाराकडं निघाली. मी लेखनी थांबवून ऐकते. आता भांडी खडखडायला लागली.

तुझी हंसा